ज्याची भिंत त्याची

आबा, शाळेची खोली पावसाआधी पुरी झाली. हे तुम्हांला सांगावंसं वाटलं, म्हणून रविवारची दुपार धरून बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मला अक्षरओळखही नव्हती. आता कुंडलजवळच्या एका गावात मी मुलींना शिकवते. गवंड्याच्या आपल्या घरात माझ्याआधी कोणी पाटी धरली नव्हती. त्यामुळे असेल, पण आपलं काही चुकत तर नाही ना, ही धास्ती मला प्रत्येक कामात असते.

मुली आधी देवळाच्या ओवरीत बसत. पावसाळ्यात तिथे पाणी येई, वर्ग बंद पडे, आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा येत नसे; तिचं लग्नच ठरे. म्हणून गावाने दगडी खोली बांधायला घेतली. पंच म्हणाले, "बाई शिकलेल्या हायेत, त्याच ध्यान देतील." चार गवंडी आले, चौघांनी चार भिंती धरल्या. माणसं खूश तर काम नीट, असा मी विचार केला. मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडेल असं पाहिलं, पाण्याचा रांजण सावलीत ठेवला, दुपारी गूळ देऊ लागले. तरी एक गोष्ट टोचत राहिली. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन, आणि तिथे कायम तोच माणूस. वर्गात मी मुलींच्या जागा रोज बदलते, म्हणजे कोणी सदा दारातल्या वाऱ्याच्या झोतात बसत नाही. तसंच मी इथे केलं. आज पूर्वेला तो उद्या पश्चिमेला. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

पण हळूहळू कामावरची थट्टामस्करी थांबली. दगड कसेबसे चढत होते. मग एका संध्याकाळी त्यांच्यातले म्हातारे गवंडी चुना लावायची करणी धुताधुता म्हणाले, "बाई, आमी पाचगणीला जातू. तितं बंगल्याचं काम निघालंय." भिंती जेमतेम खिडकीपर्यंत आल्या होत्या.

"मजुरी कमी पडते का?"

"न्हाई वो. मजुरी मिळतीया. गूळ बी ग्वाड हाय."

"मग?"

ते करणी घासतच राहिले. चुन्याची पाटी वाहणारी बाई मात्र खुदकन हसली. "आवं बाई, रोज दुसऱ्याच्या पोराला आंघूळ घालायची. आपलं पोर कंचं, ते कळायचं कसं?"

आणि मला तुमचं औंधचं काम दिसतं. मी लहान आहे, तुमची भाकरी घेऊन आले आहे. तुमचा जोडीदार सावलीत जेवतो आहे. त्याची करणी उचलून मी त्याच्या भिंतीच्या सांध्यांत चुना भरते आहे, अगदी तुमच्यासारखा. तुम्ही धावत येता. "ठेव ती! त्येची भित्त हाय ती!" मी रडते. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या हातून भिंत बिघडली, म्हणून तुम्ही ओरडलात. नीट येत नसेल तर हात लावू नये, हाच धडा घेऊन मी मोठी झाले. त्या संध्याकाळी आठवलं, चुना तर चांगलाच बसला होता. तुम्ही म्हणत होतात ते निराळंच.

मी हे सगळं त्या गवंड्यांना सांगितलं. म्हाताऱ्यांनी डोळे विस्फारले. "गवंड्याची लेक व्हय तुमी? मग आधी सांगायचं की! बाई पुस्तकातलं कायतरी करत्यात म्हणून गप ऱ्हायलो. न्हाईतर पयल्याच दिशी भांडलो असतो." पश्चिमेचा गवंडी मागून म्हणाला, "बाई, माजं ऊन मला परत द्या."

राहणार का, हे विचारायचं धाडस झालं नाही. सकाळी भीत भीत गेले, तर चौघेही आपापल्या भिंतीवर. पूर्वेचा पश्चिमेच्याला ओरडून सांगत होता, "तुज्या भित्तीला पोट सुटलंय रं गड्या, पाळणा बांधू का?" पश्चिमेच्याने ओळंब्याची दोरी सोडून दाखवली. भिंत सरळ होती. त्यानंतर मला जागेवर फारसं कामच उरलं नाही. गूळ वाटायचा आणि थट्टा ऐकायची. आता बाहेर कितीही पाऊस असो, सगळ्या मुली येतात.

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या मोठ्या शाळेतून बोलावणं आलं. पगार जास्त, राहायला खोली, सोबतीला शिकलेल्या बायका. सगळे म्हणाले, जा. माझ्या मुली आत्ता कुठे गुणाकारापर्यंत आल्या आहेत; पुढचं कोणी दुसरीच शिकवेल, हे मला सोसेना. पण असं कारण कागदावर कसं लिहायचं? मी नकार कळवला आणि कारण आईच्या तब्येतीचं लिहिलं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हांला सांगते, आबा. आई ठणठणीत आहे. काल तिने एकटीने रानातून गवताचा भारा आणला, आणि वर मलाच विचारलं, तू अशी दमलेली का दिसतेस.