बोटाची सुई

मुलींचं वसतिगृह, भंडारा
४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी मधेच बोलते म्हणून तुला पत्रच हवं असतं, तर हे घे. कॉलेजच्या आरोग्य कक्षात मी स्वयंसेविका झाले आहे. तिथे रीता सिस्टर आहेत, एक खाट आहे, कपाटभर ओआरएस, पट्ट्या, पॅड, लोहाच्या गोळ्या आहेत. सगळं फुकट, पण येत कोणी नाही. माझी मैत्रीण रुचिका प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली, तर थेट चौकातल्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून आली. तिच्या मते जिथे सुई देत नाहीत, तो दवाखानाच नव्हे. महिनाअखेरपर्यंत हीच गत राहिली, तर त्या खोलीत खेळाचं सामान ठेवणार, असं प्राचार्यांनी बजावलंय. मी दारावर मोठं पोस्टर लावलंय. लोकांना नीट समजावलं की पटतंच.

मला मध्ये ताप होता. सिस्टरांनी दिलेल्या गोळीने आणि आरामाने उतरला.

बाबांना जयभीम सांग. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी हर्षा

अड्याळ
८ ऑगस्ट

चि. हर्षास,
अ. उ. आ.

पोस्टरचं एवढं लिवलं, अन् तापाचं शेवटी? अन् सुई नाही देल्ली? नुसती गोळी? घरातली पयली ग्राज्युएट होनार तू, तुले एक सुई मागता येत नाही? तुहे बाबा म्हणतात, सुया सायबायच्या पोरींसाठी ठेवल्या असंन. वावरात धानाचा रोवणा चालू हाये, तरी सोमवारी मी येऊन राहिली. तुया सिस्टरले सांगून ठेव, सुई उकळून ठेवजो म्हना.

जेवत जाजो. आमची आठवण ठेवजो.
तुही आई, तुळसा

भंडारा
१४ ऑगस्ट

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू गेल्यापासून मी मान खाली घालून फिरते आहे. माझी सुई कुठे दडवली, म्हणून तू दारातूनच सिस्टरांवर ओरडलीस. ओरडता ओरडता धाप लागून खाटेवर बसलीस. कक्ष विद्यार्थिनींसाठी आहे, हे मी नियमाप्रमाणे सांगितलं, तर सिस्टर म्हणाल्या, खाटेवर बसली ती पेशंट. त्यांनी रक्त तपासायला तुझ्या बोटाला टोचलं आणि तू एकदम शांत! शिवाय व्हरांड्यातल्या पोरींना बोट दाखवून सांगत सुटलीस, की अंगातली कणकण गेली.

आई, त्या सुईतून आत काहीच गेलं नाही. उलट तुझंच थेंबभर रक्त बाहेर आलं. तुझ्या अंगात रक्त कमी आहे. औषध म्हणजे सिस्टरांनी सोबत दिलेल्या त्या लोहाच्या गोळ्या. त्या रोज घे, संपल्या की गावच्या सरकारी दवाखान्यातून आण.

दुसऱ्या दिवशी रुचिका आली. काकूंना दिली तीच सुई पाहिजे म्हणाली. तिच्यामागे रांग! ही फक्त तपासणी आहे, असं मी एकेकीला समजावलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि बोट पुढे केलं. रुचिकाचं रक्त तर तुझ्याहून कमी निघालं. आता गोळ्या घेते. प्राचार्यांनी रांग पाहिली आणि खेळाचं सामान जिन्याखाली पाठवलं.

कक्ष वाचला, पण असल्या गैरसमजावर तो चालवायचा का? मला झोप लागत नाही. निदान गावात तरी खरं सांग.

तुझा राग आणि माया दोन्ही असू दे.
तुझी हर्षा

अड्याळ
१२ सप्टेंबर

चि. हर्षास,
अ. उ. आ.

खरं सांगतलं. शेजारच्या सत्यभामाबाईले दोनदा सांगतलं, सुईत काही नोहोतं. ते म्हणते, रिकाम्या सुईनं इतका गुन, तर भरली असती तं काय झालं असतं!

गोळ्या घेऊन राहिली. आता वावरात गवत निंदाले गेली तं दम लागत नाही. तुहे बाबा म्हणतात, गुन गोळ्यायचा हाये. असंन बापा. तू झोपत जा. पोरी येऊन राहिल्या ना? मंग येऊ दे.

पुढच्या तपासणीले मी येईन. सिस्टरले सांगजो, या खेपेले डाव्या बोटाले टोचा. उजव्यानं मले पत्र लिवा लागते.

माया हाये तेवढी हायेच. तू दिवाळीले ये.
तुही आई, तुळसा