एबनेझर तंतूचा शोध

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची ९ जानेवारीला बंद पडली, त्याला कारण पेनची संपलेली रिफिल.

बातमी: २८ तारखेपासून शिरूरला दोन दिवस विज्ञान जत्रा. पुण्याचे संशोधक येणार, लोकांना प्रयोग दाखवणार. जागा, हायवेलगतचं मंगल कार्यालय. आमच्या शाळेला एक टेबल मिळालंय आणि मुख्याध्यापिका सुषमा मॅडमनी मला बोलावून घेतलं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेचं पान माझ्याशिवाय हलत नाही. मॅडम म्हणाल्या, कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहिलीय. अर्थ तोच.

संकल्प: रोज अर्धा तास इंग्लिश. चहात साखर बंद. बायकोशी, म्हणजे दयाशी, वाद नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कपाट उघडलं. सहाही सूक्ष्मदर्शक जसेच्या तसे. थर्माकोलचा खोका, आत लाल मखमल, वर डांबरगोळ्या. १९९१ साली आले तेव्हा असेच होते. एकतीस वर्षं मी प्रयोगशाळा परिचर. एकतीस वर्षांत एक काच फुटली नाही. तूटफूट रजिस्टर पहिल्या पानापासून कोरं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते दोनदा उलटून पाहिलं होतं.

यामागे शिस्त आहे. शिक्षक फळ्यावर आकृती काढायचे, मी कपाटाच्या काचेतून मूळ वस्तू दाखवायचो. हाताळायला देऊन कुणाचं भलं झालंय? मी स्वतःसुद्धा कधी डोळा लावला नाही. पापण्यांचा घाम लागतो.

साखर: एक कप. पाहुणे आले होते, त्यांना एकटं प्यायला लावणं बरं दिसलं नसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये कळलं. अब्राहाम ड्रायव्हरची मुलगी डायना, आमच्याच शाळेची, आता पुण्यात मोठ्या संस्थेत संशोधक, ती जत्रेच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता भाषण करणार. विषय, 'मी विज्ञानाकडे कशी वळले'. कशी वळली म्हणजे काय! शाळेत प्रयोगशाळा एक, प्रयोगशाळेत माणूस एक.

अब्राहामला सहज विचारलं, माझं नाव घेईल ना? तो म्हणाला, घील की, न घ्याया काय झालं. म्हणजे त्यांच्या घरात विषय निघालेला दिसतो. पास्टरांनाही कानावर घातलं. ते म्हणाले, आपली सगळी मंडळी ऐकायला येईल.

दया म्हणाली, तुमचं नाव घ्याया तुम्ही तिला शिकवलं काय? वाद नाही असा संकल्प असल्यामुळे फक्त वीस मिनिटं बोललो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जत्रेच्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग. पुण्याची स्नेहल म्हणून मुलगी शिकवत होती. वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. तिनं सगळ्यांना आपापल्या सूक्ष्मदर्शकाची भिंगं तपासायला लावली. मी खोकाच उघडला नाही. सांगितलं, वस्तू कोरी आहे, कोऱ्या वस्तूला काय तपासायचं? ती म्हणाली, एकदा बघून घ्या, मामा.

मामा! एकतीस वर्षं हेच. शिपायापासून हेडमास्तरपर्यंत सगळ्यांचा मी मामा. डायनाच्या भाषणानंतर सर म्हणतील.

कांद्याची साल काचेवर कशी ठेवायची, हा भाग यायच्या आत उठलो. आमच्या घरी रोज कांदा कापला जातो.

इंग्लिश: दयाशी बोललो. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टेबल मांडलं. मंगल कार्यालयात परवाच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं अजून भिंतीवर आहेत, त्यामुळे आमच्या टेबलाच्या डोक्यावर 'चि. सौ. कां.'. मी 'हात लावू नये' अशी पाटी करून नेली होती. सुषमा मॅडमनी ती उलटी केली आणि मागच्या बाजूला 'या, बघा' लिहिलं. नव्या लोकांना साधनांची माया नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे ५.४०

दाढी. कोट. टाय दयाच्या भावाचा. पोट आत.

त्याच दिवशी, दुपारी १.१५

घाईत लिहितोय. प्रचंड गर्दी. माझ्याकडे रांग चोवीस माणसांची, शेजारच्या दुर्बिणीवाल्याकडे सोळा. मोजली.

सकाळी काचेवर साल ठेवली, मोबाईलची बॅटरी आरशावर मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळा लावला. अहाहा! पांढरे बारीक धागे, धाग्याला फाटे, फाट्याला फाटे. फळ्यावर शिक्षक विटा-विटांची आकृती काढायचे. ती चुकीची होती, हे आज सिद्ध झालं. मी लोकांना सांगत होतो, या कांद्याच्या शिरा. यातूनच तो पाणी पितो.

कवठे येमाईचे हौसराव म्हणून एक कांदेवाले आले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, मामा, ही तर बुरशी दिसतीय. मी म्हटलं, हौसराव, शेती तुमची, विज्ञान आमचं. ते काळजीत पडून बाहेर गेले आणि औषधवाल्याला फोन लावताना दिसले.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

नीट लिहायला हवं, उद्या हे वाचलं जाईल.

दुपारी कांदा संपला म्हणून उसाचं पान ठेवलं. तेच धागे. डाळिंबाचं पान. तेच. माशीचा पंख. तेच! शेवटी स्वतःच्या मिशीचा केस ठेवला. वर डावीकडून खाली उजवीकडे, मध्ये तोच तिहेरी फाटा. म्हणजे ऊस, माशी आणि मी, आत एकच धागा आहे! देवानं सगळी सृष्टी एकाच सुतानं विणली आणि हे पुस्तकवाल्यांच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? इतका कोरा सूक्ष्मदर्शक कुणाकडे आहे?

नाव ठेवावं लागेल. एबनेझर तंतू. स्वतःचंच नाव ठेवणं बरं दिसत नाही, पण उशीर केला तर दुसरा कोणी ठेवेल.

समारोपात 'स्थानिक संशोधन' म्हणून पाच मिनिटं मागितली. स्नेहलनं विचारलं, कशावर? म्हटलं, उद्या कळेल. चर्चच्या ग्रुपवर टाकलं. सदतीस अंगठे आले, पास्टरांचे हात जोडलेले.

दया म्हणाली, त्या पोरीला आधी दाखवा, मंग बोंब मारा. अज्ञान.

साखर: तीन कप. डोकं चालवायला लागते.

१ मार्च, शनिवार. दुपारी १२.४०

कार्यालयाच्या मागे, आचाऱ्याच्या ओट्यावर बसून.

डायना दहाला आली. वाकून नमस्कार केला. म्हणाली, मामा, कोट भारी दिसतोय. मी शोध सांगितला. सगळा, मिशीसकट. ती हसली नाही. डोळा लावला. मग हळूच खालची काच काढून घेतली आणि मला म्हणाली, आता बघा. खाली काहीच नव्हतं. तरी धागे होते. मग म्हणाली, बघत राहा, आणि वरचं भिंग बोटांनी फिरवलं. धागे गोल फिरले. तिहेरी फाटा वरून खाली आला.

माझ्या कानाशी येऊन म्हणाली, भिंगाला बुरशी आलीय, मामा.

मी म्हटलं, शक्य नाही. एकतीस वर्षं कुणाचा श्वास लागू दिला नाही. ती म्हणाली, म्हणून तर. बंद ठेवलं की येते. हाताळत राहिलो असतो तर आली नसती. मग विचारलं, बाकीचे पाच? मी खिशातली कपाटाची किल्ली चाचपली. तिला समजलं.

तिनं आपल्या बॅगेतलं भिंग काढून बसवलं, सालीवर लाल औषधाचा थेंब टाकला आणि मला पुढं केलं. विटा. फळ्यावर काढायचे अगदी तशाच, एकीला एक लागून, प्रत्येकीत एक ठिपका. धागा कुठंच नाही. फार सुंदर होतं. मी बघतच राहिलो. मागून हौसराव म्हणाले, मामा, आमाला बी बघू द्या की. घरचा कांदा घेऊन आले होते. डायनानं त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हंजी बुरशी व्हतीच की! कांद्याला न्हाई, काचंला. आणि इतक्या मोठ्यानं हसले की दुर्बिणीची रांग वळून बघायला लागली.

डायनाला विचारलं, तू हे शाळेत पाहिलंच असशील? विचारायला नको होतं. ती म्हणाली, सूक्ष्मदर्शक कपाटाच्या काचेतून पाहिला होता ना, मामा.

मी तेव्हा तिला हात लावू दिला नव्हता? आठवत नाही. म्हणजे, आठवत नाही असं मघाशी तिला सांगितलं. आठवतं. कपाटासमोर रोज उभी राहायची. मी हाकलायचो.

स्नेहलला निरोप दिला, घसा बसलाय, पाच मिनिटं रद्द.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.३०

चारला भाषण. चर्चची मंडळी पुढच्या दोन रांगांत, दया पहिल्या खुर्चीवर. माझं नाव आलं की व्हिडिओ करायला पास्टरांनी मोबाईल वर धरलेला. मी मागे, दाराजवळ.

डायना म्हणाली, आमच्या शाळेत सहा सूक्ष्मदर्शक होते. आणि थांबली. मला शोधून काढलं. मी खाली बघितलं. ती पाणी प्यायली. म्हणाली, पण मला पहिल्यांदा कांदा दिसला तो पुण्यात, अकरावीत, आणि मी घरी फोन करून रडले, की मम्मी, आत खोल्या हाईत. लोक खूप हसले. पुढे तिनं बरीच नावं घेतली. आई. शाळेच्या सायन्सच्या बाई. पुण्याचे सर. पास्टरांचा हात दुखायला लागला, त्यांनी मोबाईल खाली घेतला.

बाहेर आल्यावर दया म्हणाली, न्हाईच घेतलं नाव. मग माझ्याकडे बघितलं आणि भावाचा टाय सैल करून दिला. अब्राहाम तर माफी मागायला लागला, पोरगी इसरली वो, गडबडीत. मी म्हटलं, चालायचंच, लहान आहे.

ती विसरली नव्हती. तिला माझं नाव घेता आलं असतं. ते ऐकून कपाट कुणी बंद ठेवलं, हे सगळ्यांना कळलं असतं.

थांबून तिचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. तिच्याभोवती फार गर्दी होती.

गर्दी नव्हती.