कैद्यांसाठी अरुंद केलेले दार

कृपासिंधू परमेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून लिहितो.

सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद. आपला धाकटा शुद्धीवर आहे, दोन घास जेवतोही. हे रुग्णालय मुळात दगडी धान्यकोठार होते. पुढे तिथे तुरुंग झाला, तेव्हा बैलगाड्यांची रुंद दारे चिणून माणसापुरती ठेवली. भिंती जाड असल्याने उन्हाची झळ लागत नाही.

काल त्याची चाकांची खुर्ची दारात अडकली. म्हणाला, "बाबा, कैदी पळू नयेत म्हणून केलंय हे. मी कुठला पळतोय!" परिचारिकाही हसली.

देह नश्वर आहे, हे मी जन्मभर प्रवचनांतून सांगितले. त्याच्या पायांकडे पाहून ते शब्द ओठी येत नाहीत.

तुझे गुडघे कसे आहेत? सुताराला बोलावून घरातले सगळे उंबरठे काढून घे. खुर्ची आता कायमची आहे.

हे पत्र वाचील त्या प्रत्येकाला ईश्वर बळ देवो.