वाडीच्या कॅसेटवरचं यान

आबा, परवा ती कॅसेट मी पुन्हा बघितली. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हे मलाही माहीत नाही. पुण्याचे एक गृहस्थ घरी आले होते. लहानपणी रविवारी सकाळी लागणाऱ्या त्या अंतराळयानाच्या मालिकेचे भाग ते गोळा करतात. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी वेड लागतंच. मालिका काढणाऱ्यांनी त्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या म्हणे. इकडून तिकडून बाकी सगळे भाग मिळाले, एकच हरवलेला. तो माझ्याकडे आहे, असं मी ऑफिसात कधीतरी बोलून गेले होते आणि ते फिरत फिरत त्यांच्या कानावर गेलं. ते स्वतःचं मशीन घेऊनच आले. दोन तास बसून त्यांनी फितीवरची बुरशी पुसली, आणि चित्र उमटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या वडिलांनी केवढं जपून ठेवलंय हो," म्हणाले. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

जपण्याच्या बाबतीत तुम्ही पक्के होतात. शिवाजी पेठेतलं आपलं व्हिडिओ शूटिंगचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि तिथे पेठेतली निम्मी लग्नं कपाटात उभी. लग्न काढून आणलं की तुम्ही आधी कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा स्क्रू ड्रायव्हरनं मोडायचात. तो मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. पायातल्या चपला काढायच्या आधी तुमचं हे काम. कॅमेरा तुमच्या खांद्यावर आणि दिवा आईच्या हातात. बायकांच्या घोळक्यात, हळदीच्या खोलीत तुम्हाला कोण जाऊ देणार? म्हणून आई पुढे. पेठेतल्या बायका तोंडावर बोलायच्या, "नवऱ्याच्या मागनं वायर घिऊन हिंडतीया," आणि आई तोंडावरच उत्तर द्यायची, "मागनं न्हाय, फुडनं हिंडतोय. म्या उजेड दावल्याबिगर त्यास्नी नवरी दिसत न्हाय."

तिचं स्वतःचं चित्र एकदाच निघालं. नवा कॅमेरा आला तेव्हा तो तपासायला म्हणून आपण नृसिंहवाडीला गेलो. अजून दिसतंय मला. आई घाटाच्या पायऱ्या उतरते आहे, ओला पदर पिळते आहे, तुम्ही मागे मागे. "अवो, माझं काय काढतायसा? नदीचं काढा की!" तुम्ही हसलात तेव्हा कॅमेरा हलला, तेही त्यात आलं होतं. मग ती कवठाची बर्फी खाते आणि बोट चाटताना थेट आपल्याकडे बघते. वीसेक मिनिटं असेल सगळं मिळून. त्या एकाच कॅसेटचा तुकडा तुम्ही मोडला नाहीत. अजून भरायचंय त्यात, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ म्हणालात.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी माझी शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि त्यामुळे मालिकेचा भाग चुकणार होता. तुम्ही कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाला गेला होतात. दिवसाउजेडी दिवा लागत नाही, म्हणून आई घरी. निघताना मी मशीनमध्ये कॅसेट घातली, बटण दाबलं आणि पळाले. संध्याकाळी भाग बघितला, मैत्रिणींनाही दाखवला. सहा आठवड्यांनी आईला कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी ती गेली.

तेराव्याची दुपार मी आयुष्यात कितीदा बघितली असेल! जेवणं झाली होती. मामा, मावश्या, गावाकडची माणसं दाटीवाटीनं बसलेली. तुम्ही म्हणालात, "बसा, जाऊ नगासा. तिला बघूनच जावा." कुणीतरी टीव्हीला हात जोडले. तुम्ही कॅसेट घातलीत आणि ढणढण संगीत वाजत यान आलं. एक लहान पोर खुदकन हसलं. तुम्ही फीत पुढे नेलीत, मागे आणलीत, पार शेवटापर्यंत गेलात. यान संपल्यावर पडद्यावर नुसत्या मुंग्या. तुमचा हात बटणावरून निघेना. "मीच पुसली," तुम्ही म्हणालात. गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी ती मालिका तुम्हीही अधूनमधून भरून ठेवत होतात, त्यामुळे चूक आपलीच, हे तुम्हाला लगेच पटलं. मामा उठून उभा राहिला. "लोकांच्या बायका कपाटात जपून ठेवल्यासा, आनि माज्या भैनीला पुसलंसा व्हय?" तो जो गेला, तो तुमच्या मयतीलाच आला. मी पाण्याचे तांबे भरत होते. आज सांगू, उद्या सांगू करता करता तुम्हीच संपलात.

मग तुम्ही दुकानातल्या कॅसेटी एकेक करून बघायला लागलात. लोकांच्या हळदी, लोकांच्या वराती. तिचा हात तरी दिसेल, कुठल्या आरशात तरी ती असेल. दोन-तीनदा भिंतीवर सावली मिळाली, एकदा बांगड्यांचा आवाज. बाकी काही नाही. एक दिवस मशीन बंद करून मला म्हणालात, "सगळीकडं तिचा उजेड हाय. ती न्हाय." पुढच्याच महिन्यात कॅमेरा विकलात आणि रेडिओ दुरुस्तीला बसलात. वाडीच्या कॅसेटचा तुकडा मात्र त्या दिवशी मोडलात. आता त्यावर काय वाचवायचं होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यामुळेच तो भाग टिकला आणि पुण्याच्या पाहुण्यांना सापडला.

तो भाग किती टुकार आहे, आबा! माझ्या डोक्यात केवढं मोठं आभाळ होतं. यान पुठ्ठ्याचं आहे. दार लावलं की भिंत हलते. परग्रहावरच्या माणसाच्या मानेपाशी रबराची शिवण दिसते. शेजारी ते गृहस्थ भारावून बघत होते आणि मला त्यांचा राग येत होता. यासाठी? असल्या पुठ्ठ्यासाठी? जाताना कॅसेटवरचं लेबल बघून त्यांनी विचारलं, याच कॅसेटवर कसा काय भरला गेला हा भाग? "चुकून," मी म्हणाले.

चुकून नव्हतं. खणात दोन कॅसेटी होत्या. एक नवी, कागदात गुंडाळलेली. ती फोडली तर तुम्ही ओरडला असतात. दुसरीवर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरचं – वाडी'. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. आत आई तिखटाच्या मिरच्या भाजत होती, खोकत होती, पेन घेतलंस का म्हणून ओरडत होती. मला वाटलं, ती तर घरात आहेच की.