मामाजी, तुम्हाला घराबाहेर कोणी काढलं?

ऊर्जानगर

प्रिय मामाजी,
जय भीम.

आज तुमच्या मागं तुमचं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे दुपारच्या बसनं गेले, भांडी झाली, पण मला बसवत नाही. सारखी उठते, दारापर्यंत जाते, परत येते. नागभीडचे काका, तुमचे सख्खे धाकटे भाऊ, सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनेनं म्हाताऱ्याले थंडीत बाहेर काढलं, म्हणून गेला." खरं काय ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही गाव सोडून आमच्या या नव्या क्वार्टरमध्ये राहायला आलात, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! आमची गौतमी जेमतेम रांगत होती. तुम्ही तिला मांडीवर घ्यायचात, बिडी पेटवायचात, धुराची कडी सोडायचात. ती धरायला पोरगी हात मारायची अन् खिदळायची. शेजाऱ्यांकडे टीव्ही आला होता. आमच्या पोरीचा टीव्ही तुम्हीच!

पण थंडीत दारं-खिडक्या बंद झाल्या आणि तिची छाती वाजू लागली. मांजर घुरघुरावं तशी. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?" परत येताना माझ्या डोक्यात एकच, सासऱ्याला हे सांगायचं कसं? ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. तर म्हणाले, "बाबाले? मी नाई."

मग मीच सांगितलं. "मामाजी, पोरीजवळ बिडी नका ओढू. बाहेर जाऊन ओढा."

केवढे चिडलात! "चार लेकरं याच धुरात वाढवली मी. त्यायले काऊन नाई झालं काही?"

सासूबाई स्टोव्हजवळ भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चार नाई. पाच होते."

त्या पाचव्याबद्दल मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. ते तान्हं असतानाच छातीनं गेलं, हे त्या दिवशी कळलं. धुरानं गेलं की आणखी कशानं, कोण सांगणार? तुम्ही हातातली बिडी विझवली, घोंगडी उचलली आणि बाहेर भिंतीला टेकून बसलात.

मग रोज तसंच. ओढून झाली की नळावर चूळ भरायचात, हात धुवायचात, तेव्हा कुठे नातीला उचलायचात. तिची छाती हळूहळू मोकळी झाली. मी म्हणायचे, गार वारं सुटलंय मामाजी, सोडूनच द्या ना ती बिडी! तर तुम्ही हसायचात. "बाहेर जा म्हटलं, गेलो. आता एवढी तरी राहू दे, बाई." का नाही सोडलीत हो? एवढं ऐकलं असतं तर!

मग छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. काका म्हणतात, थंडी. मी कोणाचं खरं मानू? तुम्ही मनातून रागावला होतात का? विचारायचं राहूनच गेलं.

आज जेवणं झाल्यावर काकांनी घरातच बिडी शिलगावली. गौतमी तिथंच झोपलेली. मी म्हटलं, "काकाजी, बाहेर ओढा." तेव्हाच त्यांनी, मी वर लिहिलं ते तोंड टाकलं. हे खाली बघत राहिले. आणि तुम्ही गेल्यापासून कोणाशी न बोललेल्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"तिनं नाई काढलं. ते आपल्या पायानं गेले, नातीसाठी. तुमी बी उठा."

काका उठले, मामाजी!

तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या आणखी कोणी येईल, बिडी पेटवील, तेच बोलेल. पण शब्द देते, ही पोर लहान आहे तोवर या घरात बिडी पेटणार नाही; पेटवणारा तुमचा मुलगा असला तरी नाही. मला लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. तुम्हाला मात्र कोणी 'घरातून काढलेला म्हातारा' म्हटलं, तर मी ऐकून घेणार नाही.

तुमची सून,
सुनंदा