कमलमावशींची मिश्रीची डबी

शुक्रवार संध्याकाळ, जुईनगर

आज सहा महिन्यांनी पुन्हा शिरवण्याला कमलमावशींकडे गेले. पीएचडीनंतरचं माझं हे कर्करोग-प्रतिबंधाचं संशोधन, बायकांची तंबाखूची मिश्री सोडवण्याचं. पहिल्या गटातल्या बायकांना लगेच सल्ला; मावशी दुसऱ्या गटात. त्यांना सहा महिने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला नंतर.

पहिल्याच भेटीत त्यांनी डबी पुढे केली होती. "पोरी, ही सुटंल कशी, सांग की."

मी म्हणाले, सहा महिन्यांनी सांगते. नियम पाळला म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी कौतुकही केलं. आजच सोडा, एवढं तरी बोलायला काय झालं होतं मला?

आज तीच डबी, काठोकाठ भरलेली. मी फॉर्ममधला प्रश्न वाचला. मधल्या काळात सोडायचा प्रयत्न केला का?

"न्हाई. तूच म्हनली हुतीस, सहा महिन्यांनी. म्हनून थांबले."

'नाही'वर खूण केली. पुढचा कारणाचा रकाना कोराच ठेवून आले.