मागच्या जाळीवर अक्षता टाकू नयेत

कार्बोरेटर नाही. आता हे शेवटचं सांगते. जो कोण हा कागद उघडून बसलाय त्यानं आधी तेवढं मान्य करावं, मग पुढं वाचावं. ओमकार, तू असशील तर पंप, पॉइंट, कॉइल ही नावंसुद्धा घेऊ नकोस. गाडीचं सगळं बदलून झालंय. आणि माझा हातही नाही.

असो. सुरुवात नीट असावी म्हणतात.

मी, गोदावरी सदाशिव ठोंबरे, वय बासष्ट, राहणार चौक, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणी मागं उभं राहून हे माझ्याकडून लिहून घेत नाही, आणि याआधी मी असा कागद केलेला नाही. परवा पनवेलला माझं ऑपरेशन आहे, छातीतल्या गाठीचं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका. मी घाबरलेली नाही. मला काहीच वाटत नाही. म्हणून हे आजच उरकते. उद्या वाटायला लागलं तर हात चालायचा नाही.

कलम एक, घर. हायवेकडच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या पुतण्या ओमकार याला द्याव्यात. तसाही तो तिथं बॉडीस्प्रेच्या बाटल्या ठेवायला लागलाच आहे. मागची पत्र्याची शेड मात्र त्याची नाही. तिचं पुढं सांगते.

कलम दोन, बँकेत जे काही असेल त्यातून हॉस्पिटल भागवावं. उरलं तर ओमकारची बहीण भाविका हिला द्यावं. माझे दिवस घालायचे तर थोडक्यात घाला. जिवंतपणी मला पाच वर्षं कुणी पंगतीला बोलावलं नाही, तेव्हा नंतर माझ्या नावानं जेवणावळ नको.

कलम तीन, गाडी. इथं जरा वेळ लागेल.

आमचे हे खोपोलीच्या मिलमध्ये साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब देश सोडून गेला तेव्हा ही हिरवी गोल गाडी यांना देऊन गेला. इंजिन मागं, डिकी पुढं. रेडिएटर नाही, पाणी नाही. मागच्या काचेखाली जाळी आहे, तिच्यातून पंखा हवा ओढतो आणि इंजिन गार ठेवतो. यांनी मला चालवायला शिकवली ती कळंबच्या कापलेल्या शेतात. हे गेले तेव्हा मी रडले नाही. शेडमध्ये जाऊन बॅटरीची वायर सोडून ठेवली, कारण ते दर वेळी ती विसरायचे. तेराव्यानंतर वायर परत जोडली.

पुढं भावकीतल्या सगळ्या पोरींची पाठवणी ह्याच गाडीतून झाली. चालवायला मी, कारण तिचा रिव्हर्स दुसऱ्या कुणाला सापडत नव्हता. विधवा बाई नवरी घेऊन जाते याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. गाडी चालत होती तोवर वाटलं नाही.

कोरोनाच्या आदल्या वर्षी भाविकाचं लग्न झालं. सासर घाटावर. मांडवापासून निघालो तेव्हा गाडी लोण्यासारखी चालली. खोपोलीच्या शिळफाट्याला चढ सुरू झाला, मी पाय दाबला, आणि ती नुसती थांबून राहिली. जसं कुणी हाक मारल्यावर उत्तर द्यावं की नाही याचा विचार करतं, तसं. मग गचका. परत विचार. मागं ट्रकांचे हॉर्न. शेवटी बंदच पडली. मागच्या टेंपोतून माझी थोरली जाऊ चंद्राबाई उतरली, भाविकाची आई. सगळ्यांदेखत म्हणाली,

"हिचा हात लागला ना शुभकार्याला. दुसरं काय व्हनार हाय?"

भाविका उतरून टेंपोत बसली. शालूचा पदर गाडीच्या दारात अडकला होता, तो मी सोडवून दिला. तासाभरानं गाडी एका चावीत सुरू झाली.

भाविकाचं लग्न दोन वर्षं टिकलं. त्याची कारणं तिला ठाऊक आहेत, मला थोडी ठाऊक आहेत. भावकीला एकच कारण ठाऊक आहे. ती आता कर्जतला मेडिकलच्या दुकानात काम करते. मध्ये एकदा दिवाळीत आली, माझ्या ओट्यावर चहा प्यायली आणि विचारलं, "काकी, गाडीचं नक्की काय झालं होतं गं?" एवढ्या माणसांत हा प्रश्न फक्त तिनं विचारला. बाकीच्यांकडे उत्तर होतं.

म्हणून मी शोधत बसले. प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोलचा फिल्टर, पंपाचा रबरी पडदा, सगळं. कमलेशच्या गॅरेजमध्ये गाडी उभी केली की ती गार व्हायची, आणि गार गाडीला काहीच झालेलं नसायचं. कमलेश कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा आणि म्हणायचा, झाली. चौकात झालेली असायची. चढाला परत तेच.

या दिवाळीनंतर ऑइल गळायला लागलं म्हणून इंजिन खाली उतरवलं. पंख्यावरचं पत्र्याचं झाकण मी पहिल्यांदाच काढायला लावलं. कमलेशनं आत टॉर्च मारला आणि बोट घालून पाहिलं. मग म्हणाला,

"काकी, हिच्या पोटात कुनाचं तरी लगीन लागलंय."

अक्षता. कुंकू लावलेले तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या, तेलात भाजून घट्ट झालेल्या, हवेची वाट बंद करून बसलेल्या. प्रत्येक पाठवणीला गाडी हलली की तुम्ही सगळे मागून मुठी भरून टाकायचात, त्या जाळीतून आत जायच्या. इंजिन तापायचं, नळीतलं पेट्रोल उकळायचं, आणि पाय दाबला की नळीत पेट्रोलऐवजी वाफ. हातबित काही नाही. तुमचेच आशीर्वाद.

हे कळल्यावर मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली. आला नाही. तांदूळ चमच्यानं खरवडून काढले.

तर, गाडी भाविकाला द्यावी. शेड, पाने, जॅक तिलाच. ओमकारला ती कळंबच्या रिसॉर्टवर फोटोसाठी उभी करायची आहे, आत झाडं लावून. तसं करू नये. वैशाखात ओमकारचं लग्न आहे, त्याची नवरी ह्याच गाडीतून आणावी, आणि चालवायला भाविका असावी. नवऱ्यानं सोडलेली आहे म्हणून कुणी कुजबुजलं तर हे कलम मोठ्यानं वाचून दाखवावं. अक्षता माणसांवर टाकाव्यात. मागच्या जाळीवर टाकू नयेत. रिव्हर्ससाठी दांडा आधी खाली दाबायचा, मग डावीकडे, मग मागं.

कलम चार. पितळी डब्यात त्या अक्षता आहेत. डबा चंद्राबाईला द्यावा. तिला दुसरं काही देत नाही.

कमलेशला पाने हवे होते. पण साक्षीदाराला काही द्यायचं नसतं म्हणतात, आणि मला साक्षीदार हवा होता. तो रुसलाय. रुसू दे.

कागद शेजारच्या माधवीकडे राहील. तिनं आणि कमलेशनं मला सही करताना पाहिलंय आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्यात.

ठिकाण: चौक
दिनांक: ९ डिसेंबर २०२४

सही: गोदावरी सदाशिव ठोंबरे

साक्षीदार:
१. कमलेश घरत, गॅरेज, चौक
२. माधवी भोईर, शेजारीण, चौक

सहीनंतर लिहितेय, हे धरायचं की नाही ते वकिलाला विचारा. गाडी मघापासून अंगणात चालू ठेवलीय, चांगली तापू दिलीय. शिळफाट्याचा चढ चढून येते, मग पनवेलची पिशवी भरीन. चंद्राबाई फाटकाशी आलीय. हात वर करून काहीतरी म्हणतेय, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. मी निघाले.